नवव्या रविवारनंतर

मागची खोली रिकामी करायला मला दोन दिवस लागले आणि दोन्ही दिवस मी संतापलेला होतो. मुलीला अभ्यासाला खोली हवी, हे बरोबरच आहे. तिची परीक्षा तोंडावर आहे, पुढच्या खोलीत टीव्ही चालू असतो, आणि मागची दहा बाय बारा फुटांची खोली गेली अठरा वर्षं माझ्या सामानानं अडवलेली आहे. मी एकेक वस्तू मोजत व्हरांड्यात आणून मांडली. मोजल्याशिवाय मला काही करता येत नाही. चौतीस भरल्या.

भाता फाटलेली बाजाची पेटी. मधमाश्यांची पेटी, तिच्यात सात चौकटी, त्यांतल्या दोनांनाच कधीकाळी मेण लागलेलं. पाठ उघडी टाकलेला रेडिओ. दुर्बिणीसाठी घासायला घेतलेली काच, एका बाजूनं धुरकट, दुसऱ्या बाजूनं तशीच. तळ्यावरच्या पाखरांची वही, पहिली सव्वीस पानं भरलेली. टंकलेखनाच्या सरावाचे कागद. माझा वेग मिनिटाला अठ्ठावीस शब्दांवर थांबला होता. एका बाजूनं विणलेली बाज, जिच्यावर अजून कोणी झोपलेलं नाही.

बायको दारात हात बांधून उभी होती.

"अहो, ह्यातलं एक तरी पुरं झालं का?"

"तीन झाल्या."

"कोणत्या?"

"स्टूल. पाण्याची गाळणी. पाळणा."

"पाळणा माझ्या भावानं पुरा केला. लेकरू तीन महिन्याचं झालं होतं तवर."

"मग दोन."

ती हसली. तिचं हसणं वाईट नसतं, पण त्या दिवशी मला ते सहन झालं नाही. याच गोष्टीवर मी आयुष्यभर हसणं ऐकलं आहे. हा मेहुणा दर दिवाळीला दारातच विचारतो, "भाऊजी, यंदा काय चालू करून राहिले?" आणि सगळे हसतात, मीही हसतो. मी पाटबंधारे खात्यात आहे. अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी आठला मी पाण्याची पातळी वाचतो आणि नोंदवहीत लिहितो. तापात लिहिली, वडील गेले त्या दिवशी लिहिली, माझ्या लग्नाच्या सकाळी लिहून मग हळद लावून घेतली. ते काम कोणी पूर्ण झालेल्यात धरत नाही. कारण ते संपत नाही. संपत नाही ते पूर्ण नाही, आणि सोडलं ते तर नाहीच नाही, मग माणसानं करायचं काय? हे मी बायकोला मोठ्यानं विचारलं. ती म्हणाली, "बाजाची पेटी भंगारात द्यायची का ठेवायची, तेवढं सांगा."

खरं सांगायचं तर मला त्या चौतीस गोष्टींची लाज वाटत नाही. त्या माझ्यासाठी ऋतूच होत्या. रेडिओच्या ऋतूला राळेचा वास होता, तापलेल्या कथिलाचा, आणि गच्चीवर बांधलेल्या तारेतून येणाऱ्या खरखरीचा. मधमाश्यांच्या ऋतूला गोवरीच्या धुराचा वास. कुरुंद्याला एका शेतकऱ्याच्या बांधावर मी पेटी ठेवली होती. फाल्गुनात तिकडे हळद शिजते, शिवारभर वाफ, आणि त्या पिवळ्या, मातकट वासातून माश्या सरळ रेषेत परत यायच्या. मी मिनिटाला किती येतात ते मोजायचो. पेटीच्या ऋतूत माझ्या डाव्या हाताला भात्याचा घट्टा पडला होता, पाखरांच्या ऋतूत माझे बूट कायम ओले असायचे. कोणी म्हणेल, हातात काय राहिलं? माझ्या नाकात राहिलं, कानात राहिलं. पण असं बोललं की लोक अजूनच हसतात.

चौतिसावी गोष्ट होती बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आत बोरूच्या तीन लेखण्या आणि एक निळं अंतर्देशीय पत्र. डबा उघडल्यावर माझा राग एकदम वेगळ्या जागी गेला.

पत्रावरचा पत्ता मराठीत आहे, सुरेख, ठसठशीत. आतला मजकूर उर्दूत. आठ ओळी, बावन्न शब्द. शब्द मला मोजता येतात, वाचता येत नाहीत. तीस वर्षं ते माझ्याकडे आहे आणि मी ते वाचलेलं नाही.

लिहिणारे कळमनुरीचे मुन्शीजी. आमचं घर तेव्हा कळमनुरीलाच होतं. मुन्शीजींचे वडील निजामाच्या राज्यात तहसिलीत उर्दू कागदांच्या नकला उतरवायचे, आणि मुलानं ती विद्या घरीच उचलली. जमिनीचे जुने कागद घेऊन खेड्यापाड्यातली माणसं त्यांच्या ओट्यावर यायची. आजोबाच्या नावचा पिवळा कागद, त्याच्यावर कोणाला न कळणारी वेलबुट्टी. मुन्शीजी तो उजेडाकडे धरायचे आणि वाचायला लागायचे: गावाचं नाव, धाऱ्याची म्हणजे शेतसाऱ्याची रक्कम, चतुःसीमा, पूर्वेला नाला, पश्चिमेला अमक्याचं रान. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आजोबा उठून बसल्यासारखं काही तरी यायचं. मी बावीस वर्षांचा होतो. मला ते वाचायला यायलाच हवं होतं, त्याच आठवड्यात.

मुन्शीजींची शिकवण्याची रीत ठरलेली होती. दर रविवारी सकाळी नऊला. रविवारी चार अक्षरं, नऊ रविवारांत छत्तीस. हिशोब मला पसंत पडला. कागद मिळायचा नाही. मुलतानी माती फासलेली लाकडी तख्ती मिळायची. दौतीत सुती चिंधीचा बोळा, म्हणजे बोरू बुडवला की शाई हवी तेवढीच लागते. आणि अक्षराचं माप टिंबांनी. बोरूच्या टोकाचं एक टिंब, अशी तीन टिंबं एकावर एक ठेवली की तेवढा उंच अलिफ. उभी रेघ मारायची, मग बाजूला टिंबं ठेवून तपासायचं. अडीच भरली तर तख्ती धुवायची. मापाचं असं सौंदर्य मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. ओल्या मातीचा वास, काजळीच्या शाईचा वास, आतून येणारा गवती चहाचा वास. संक्रांत झाल्यावर सुरू केलं होतं. अंगणातला कडुनिंब तेव्हा पानं गाळत होता आणि माझ्या तख्तीवर पिवळी पानं पडायची. मुन्शीजी ती फुंकर मारून उडवायचे, हात लावायचे नाहीत, शाई फिसकटेल म्हणून.

"जोड दहाव्या इतवारी," ते सांगायचे. "एकटं असलं की अक्षर ऐटीत बसतं. जोडीत आलं की नुसतं डोकं राहतं त्याचं. ते वळखायला शिकशील तवा वाचशील."

नवव्या रविवारी माझी छत्तीस पूर्ण झाली. दहाव्या रविवारी मी गेलो नाही. का गेलो नाही, ते मला आठवत नाही. कुरुंद्याला माश्या होत्या, हे आठवतं. हळदीची वाफ आठवते. अकराव्यालाही गेलो नाही, आणि मग जाणं अवघड होत गेलं. एकाच बाजाराचं गाव, तरी मी रस्ता बदलून जायचो.

पत्र दहा महिन्यांनी आलं. ते उघडून उर्दू पाहिल्यावर मला इतका राग आला की मी ते भिंतीवर फेकलं. या माणसाचं मराठी अक्षर माझ्याहून चांगलं. मग मराठीत लिहायला काय झालं होतं? हा टोमणा होता. मी सोडलं होतं तेच माझ्या दारात आणून ठेवलं होतं. ठरवलं, स्वतः शिकूनच वाचेन. तीनदा सुरुवात केली. पहिल्यांदा पुस्तक आणलं, एकोणीस दिवस. दुसऱ्यांदा अकरा. तिसऱ्यांदा मोबाईलवर, चार. हिंगोलीत उर्दू वाचणारी हजारो माणसं आहेत; आमच्या ऑफिसातच दोघं आहेत, माझ्या समोरच्या टेबलावर. पाच मिनिटांचं काम होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं म्हणजे हरणं, आणि मला हरायचं नव्हतं. न हरता तीस वर्षं काढली, असा हा सगळा पराक्रम.

"हे कशाचं?" मुलीनं डबा बघून विचारलं. मी सांगितलं. तिनं पत्र उलटंपालटं केलं.

"बाबा, ते आजोबा आहेत का अजून?"

"आहेत. पंच्याऐंशीच्या पुढे असतील."

"मग त्यांच्याकडूनच वाचून घ्या ना. आणि एकदाचं संपवा."

संपवा. तिच्या वयाच्या पोरीला तो शब्द किती सोपा आहे. मी रागानंच शर्ट घातला आणि कळमनुरीवरून नांदेडकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. रविवार होता. दोन्ही बाजूंच्या शेतांत हळदीच्या कढया लागल्या होत्या आणि खिडकीतून तोच वास यायला लागला. तीस वर्षांपूर्वीचा वास असा फुकट परत मिळाला की माणसाला बरं वाटायला हवं. मला वाटलं नाही. हळद दर वर्षी शिजते, दर वर्षी पुरी होते, एवढंच मनात आलं.

ओट्याला आता फरशी होती. कडुनिंब नव्हता. दार एका तरुण बाईनं उघडलं, डोक्यावर ओढणी, हात पिठाचे.

"कौन होना?"

"मुन्शीजी आहेत का?"

"दादा है ना. आओ, बैठो." आत तोंड करून ती ओरडली, "दादा, कोई मिलने आये!" मग मला हळूच म्हणाली, "जोर से बोलने की जरूरत नै. कान अच्छे हैं. आँखों से नै दिखता अब."

मला ते कळायला एक क्षण लागला. मुन्शीजी खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, पांढरे, लहान झालेले. डोळे उघडे होते आणि कशावरही थांबत नव्हते.

"बस," ते म्हणाले. "काय काम व्हतं? जुने कागद न्हाई वाचत मी आता."

"तुमचं पत्र आणलंय. तुम्ही मला लिहिलेलं. मी रविवारी शिकायला यायचो."

"लई जण यायचे."

"नऊ रविवार आलो होतो."

"लई जण नऊ इतवार यायचे," ते म्हणाले. "जोडाच्या आधी पळायचे."

मला ते लागलं. मी इतक्या वर्षांनी आलो, आणि मी फक्त 'लई जण'! ती बाई, त्यांच्या नातवाची बायको, नसरीन, पाणी घेऊन आली. पत्राकडे बघून म्हणाली, "लाओ, मैं पढ़ देती."

मी पत्र मागे घेतलं. मुन्शीजींना ते कसं कळलं कोण जाणे. "राहू दे नसरीन," ते म्हणाले. "त्याच्याकडं डोळे हायेत, माझ्याकडं अक्षरं हायेत. बघू जमतं का. काय दिसून राहिलं, सांग."

असं आम्ही वाचायला बसलो. पहिली ओळ लागली नाही. मी रेघांचं वर्णन करायचो, ते मान हलवायचे, "पुन्हा सांग. टिंब वर का खाली?" दुसऱ्या ओळीत मी म्हणालो, "सुटी उभी रेघ. मग लहानसा दात, वर दोन टिंबं, त्याला गोल डोक्याची शेपटी चिकटलेली. परत उभी रेघ, सुटी. मग खाली झुकलेली."

"अलिफ, ते, वाव, अलिफ, रे," ते बोटांवर मोजत म्हणाले. "इतवार."

पुढे काही शब्द गेले. मग: "कोयत्यासारखं टोक, खाली तीन टिंबं, लगेच त्याला उभी रेघ. पुढे दातावर बारीक तुरा आणि लांब मागे ओढलेली रेघ."

"चाय."

"आणि त्याच्याआधीचा शब्द," मी म्हणालो, आणि थांबलो. ती दोन अक्षरं जोडलेली नव्हती. दोन्ही आपापली, ऐटीत, मला नवव्या रविवारपर्यंत शिकवली होती तशीच. "दाल. वाव. दो."

"वा," मुन्शीजी म्हणाले. त्या 'वा'त कौतुक किती आणि चेष्टा किती, ते मला ठरवता आलं नाही.

दोन तास दहा मिनिटं लागली. बाहेर कोणी तरी हातगाडीवर काही विकत गेलं, मशिदीतून बांग झाली, नसरीननं मध्ये एकदा चहा ठेवला आणि तो निवला. शब्द उलटेसुलटे सापडत गेले आणि मी ते जुन्या बिलाच्या मागे देवनागरीत लिहीत गेलो. शेवटी वाचून दाखवलं. इतवारी तुझी तख्ती धुऊन ठेवतो, असं त्यात होतं. तेरी चाची दो चाय बनाती, एक ढांक के रखती. ग्यारह बजे तक रास्ता देखते. इतवार को किसी और को नहीं बुलाते.

चाची म्हणजे त्यांची बायको. गवती चहा तिचाच. ती वारली, हे मला कोणीतरी सांगितलं होतं, पण तिच्याशी माझा काही संबंध होता हे त्या दिवशी कळलं. दहा महिने. मी तिथेच बसून हिशोब केला; थांबवता येईना. त्रेचाळीस रविवार, त्रेचाळीस झाकलेले कप. चौतीस वस्तू मांडून मी स्वतःला मोठा हिशोबी समजत होतो. पण प्रत्येक वस्तूच्या पलीकडे कोणी तरी बसलं होतं, हे मी एकदाही मोजलं नव्हतं. पेटी शिकवणारे गुरुजी. कुरुंद्याचा तो शेतकरी, ज्यानं माझ्या माश्यांसाठी बांधावरची फवारणी एक महिना पुढे ढकलली होती.

आणि तरीही मला राग आला. लाज वाटली की मला राग येतो.

"मराठीत काहून नाही लिहिलं?" मी विचारलं. आवाज चढला होता. "मराठीत लिहिलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी आलो असतो. चाची होती तेव्हा आलो असतो."

"आला नसता," मुन्शीजी म्हणाले. त्यांचाही आवाज चढला. "वाचलं असतं आन ठेवून दिलं असतं. वाचलेलं पत्र माणूस इसरतो. हे तुला तीस वर्सं इसरता आलं का?"

"ही कुठली शिक्षा?"

"शिक्षा नव्हती बेटा. मला वाटलं, दहा दिवसांत शिकून घेशील. हुशार व्हतास." ते खोकले. "राग तर मला बी आला व्हता. आज बी येऊन राहिला. ती बिचारी बशी झाकून बसायची, आन मी तिला म्हणायचो, येईल, मापाचा पोरगा हाय, छत्तीस पुरी केली, जोड सोडनार न्हाई. एक वळ राहिली ना अजून? शेवटची?"

"राहिली."

"ती नको सांगू. आठवली मला." त्यांनी डोळे मिटले, आंधळा माणूसही आठवताना डोळे मिटतो. "नहीं आना है तो बोल के जा. दूसरा कप नहीं रखवाता."

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. ते मला इतकं ओळखीचं आहे की त्याची चव कळते: येतो ना मुन्शीजी, पुढच्या इतवारपासून येतो, दहावा इतवार समजा, जोड शिकवा. ते म्हणण्याची केवढी गोडी असते. सगळ्या चौतीस गोष्टी त्याच गोडीवर सुरू झाल्या होत्या. मी मनात गाड्यांच्या वेळाही बघितल्या: सकाळी आठची नोंद करून निघालं की नऊपर्यंत पोचता येईल. नवी तख्ती घेता येईल. मुन्शीजी भिंतीला टेकून, ऐकत बसले होते, मान जरा पुढे. मी काय म्हणणार ते त्यांना माहीत असावं, कारण ते त्यांनी माझ्यासारख्या लई जणांकडून ऐकलं असणार.

मला माझाच इतका संताप आला की ते गोड उत्तर घशातच थांबलं.

"मुन्शीजी," मी म्हणालो, "मी पुढच्या रविवारी येणार नाही. त्याच्या पुढच्याही नाही. उर्दू मी शिकणार नाही. सोडली. तीस वर्षांपूर्वीच सोडली होती, सांगितलं नव्हतं. चाचीला सांगायचं राहिलं, ते आता होत नाही. तुम्हाला सांगतोय."

असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो होतो. बोलून हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. छातीत दगडासारखं काही तरी होतं, ते होतं तिथेच राहिलं, फक्त त्याची जागा आता मला नेमकी कळत होती.

मुन्शीजी म्हणाले, "बराबर." आणि आतल्या खोलीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "नसरीन, ये अगले इतवार से नहीं आनेवाले."

आत भांड्यांचा आवाज थांबला. "कौन नहीं आनेवाले, दादा?" तिनं विचारलं. तिनं वाट पाहिलीच नव्हती, तिला काय कळणार.

मुन्शीजींनी माझं नाव सांगितलं. मी आल्यापासून त्यांना ते एकदाही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी पूर्ण सांगितलं, आधी माझं, मग वडिलांचं, मग आडनाव, आमची जुनी गल्ली, घराच्या पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. एखादा पिवळा कागद उजेडाकडे धरून वाचावा तसं, एकही अक्षर न अडखळता.